गाडी मी चालवत होतो, बार मित्राने काढला. माझ्यावर केस होईल का?

एका वाचकाचं पत्र आलंय, वय २८, नोकरी पुण्यात, गाव तळकोकणात. गावच्या जत्रेला घरी गेले होते, रात्री दोनच्या सुमारास चुलतभाऊ आणि त्याचा मित्र यांना घेऊन गाडी काढली, "डुक्कर मिळतोय का बघूया" म्हणून. भावाने काकांची शेतीसंरक्षणाच्या लायसन्सची सिंगल बॅरल बंदूक घरातून उचलली, काका झोपलेले, त्यांना पत्ताच नाही. डांबरी रस्त्याच्या एका वळणाआधी दोन डोळे चमकले, भावाने बॅटरी मारली, "डुक्कर, डुक्कर" म्हणाला आणि मित्राने खिडकीतनं बार काढला. जनावर लागलं पण बागेत पळालं, आणि वळणापलीकडून दशावतार बघून स्कूटरने घरी निघालेल्या एका माणसाच्या मांडीत दोन छर्रे घुसले. त्याला तालुक्याला खाजगी डॉक्टरकडे नेलं, तिथे पत्रा लागला म्हणून सांगितलं. एक छर्रा निघाला, दुसऱ्याचं माहीत नाही. आता चार दिवस झालेत, भाऊ म्हणतो पन्नास हजार देऊन मिटवू, कोणाक सांगू नको. यांना झोप लागत नाही. प्रश्न असा की मी फक्त गाडी चालवली, माझं नाव येईल का, पैसे देऊन हे मिटतं का, आणि सांगायचं तर कोणाला.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कलमं नंतर सांगते, आधी दोन गोष्टी ज्या आजच व्हायला हव्यात.

पहिली म्हणजे तो माणूस. छर्रा मांडीत राहिला असेल तर तो पत्र्याचा तुकडा नाही, बंदुकीचा छर्रा आहे हे डॉक्टरला कळलंच पाहिजे, कारण त्यावर एक्सरे कुठून कसा काढायचा, आत कपड्याची चिंधी गेलीय का, नस किती जवळ आहे हे सगळं ठरतं. त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा आणि खरं सांगा. होय, तिथे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद होईल, पोलिसांना कळेल. बंदुकीच्या जखमेचं तसंच असतं आणि ते टाळण्यासाठी एखाद्याचा पाय पणाला लावता येत नाही.

दुसरी, ते जनावर. तुम्ही लिहिलंय की सकाळी जाऊन बघितलं तर गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी रक्त होतं, पुढे माग लागला नाही. म्हणजे एक जखमी जनावर गावाजवळच्या बागेत कुठेतरी पडलंय किंवा फिरतंय, आणि त्याच बागेत बायका लाकडं-पातेरा गोळा करायला जातात. जखमी डुक्कर माणसावर कसं येतं हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. वनखात्याला कळवा. आणि इथे मला तुमच्या पत्रातली एक ओळ खूप खटकली, "डोळे चमकले म्हणून डुक्कर समजलं". अहो, डुकराचे डोळे बॅटरीत गुरांसारखे किंवा कुत्र्यासारखे चमकत नाहीत, रात्री डोळे चमकवणारा जो थर बाकीच्या जनावरांच्या डोळ्यात असतो तो डुकराला नसतोच. म्हणजे ते दोन डोळे गाईचे असतील, कुत्र्याचे असतील, गव्याचे असतील, बिबट्याचे असतील. तुमच्यापैकी कोणीही जनावर बघितलेलं नाही, फक्त डोळे बघितलेत. बिबट्या आणि गवा दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे शिक्षा कमीत कमी तीन वर्षं ते सात वर्षं आणि वर दंड. डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, तिथे तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गडग्यावरच्या त्या रक्तावरून लॅबमध्ये जनावर ओळखता येतं, त्यामुळे तिथे पाणी ओतायला किंवा खरवडायला कोणी गेलं असेल तर थांबवा, पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे.

आता तुमचा प्रश्न, मी फक्त गाडी चालवली. सरळ सांगते, याने तुम्ही सुटत नाही. वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम २ मध्ये शिकारीची व्याख्या आहे, तीत मारणं, पकडणं, हाकलणं आणि या सगळ्यांचा प्रयत्नही येतो, त्यामुळे जनावर मेलं नाही, हाती लागलं नाही या म्हणण्याला अर्थ नाही. आणि कलम ५२ म्हणतं की मदत करणाराही त्याच गुन्ह्याचा धनी. एकाने स्टिअरिंग धरलं, एकाने बॅटरी, एकाने बंदूक, तिघं मिळून एकच काम करत होते. शिवाय ज्या गाडीतून हे झालं ती गाडी वनखातं जप्त करू शकतं आणि कलम ३९ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली जप्त गाडी, हत्यार सरकारची मालमत्ता ठरते. गाडी कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनाही आता सांगावं लागेल.

पण मला तुमच्याशी जास्त बोलायचंय ते रस्त्याबद्दल, कारण सगळी केस तिथे आहे.

न्याय संहितेत कलम १००, सदोष मनुष्यवधाचं, त्याच्याखाली एक उदाहरण दिलंय, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं. एक माणूस कोंबडी चोरण्यासाठी तिच्यावर गोळी झाडतो आणि झुडपामागे असलेला दुसरा माणूस मरतो, झाडणाऱ्याला तो तिथे आहे हे माहीतच नव्हतं. कायदा म्हणतो, काम बेकायदा असलं तरी हा सदोष मनुष्यवध नाही, कारण मारायचा हेतू नव्हता आणि आपल्या कृत्याने कोणी मरण्याची शक्यता आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तुमच्या भावाचा वकीलही उद्या हेच म्हणेल, आम्हाला माहीत नव्हतं पलीकडे कोणी आहे. पण झुडपामागे माणूस असेल हे माणसाला सुचणार नाही, वळणामागे माणूस असेल हे सुचायलाच हवं, कारण रस्ता हा माणसं येण्यासाठीच बांधलेला असतो. तुमचा भाऊ म्हणतो "रात्री दोन वाजता रस्त्यार कोण असता?" त्याच गावात त्या रात्री जत्रा होती, दशावतार पहाटेपर्यंत चालतो, अर्धं पंचक्रोशी त्याच रस्त्याने घरी जाणार हे तुम्हा तिघांना माहीत होतं कारण तुम्ही स्वतः तिथूनच आला होतात. म्हणून पोलिसांनी नुसतं निष्काळजीपणाने जखमी केल्याचं कलम १२५ न लावता सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचं कलम ११० लावलं तर मला नवल वाटणार नाही, त्यात माणूस जखमी झाला असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते कोर्टात टिकेल की नाही हा वेगळा वाद, तो लढता येईल, पण अटक-जामिनाच्या वेळी ते कलम कागदावर असतं.

आणि अपघात झाला हो, असं म्हणाल तर अपघाताचा बचाव कलम १८ मध्ये आहे पण तो कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने आणि पुरेशी काळजी घेऊन करणाऱ्यालाच मिळतो. इथे तिन्ही गोष्टी नाहीत.

रस्त्यावरून बार काढणं इतकं वाईट का, हे मी अशा केसमध्ये बसलेल्या पोरांना नेहमी समजावते. बॅटरीच्या झोतात जनावर दिसतं आणि त्याच्यामागचं सगळं काळं होतं, घर आहे, गुरं आहेत की माणूस आहे काही कळत नाही. जे छर्रे जनावराला लागत नाहीत ते तिथे थांबत नाहीत, जाड छर्रा शेकडो मीटर जातो. खाली डांबर, बाजूला चिऱ्याचा गडगा, अशा कडक जागेवर आपटून छर्रा कुठल्या बाजूला उडेल याचा नेम नाही. गाडीत भरलेली बंदूक, खड्डे, मांडीवर नळी, मागच्या सीटवर माणूस, यातलं काहीही एक चुकलं तर तुमच्यापैकीच कोणी गेला असता. आणि वळणावर लाइट बंद करून उभी केलेली गाडी स्वतःच एक अपघात आहे. तुम्ही लिहिलंय की भाऊ म्हणतो परदेशात लोक शिकार करतातच की. करतात, पण जिथे शिकारीला परवानगी आहे तिथेही रस्त्याचे नियम कडक असतात. इंग्लंडमध्ये १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत बंदूक चालवून रस्त्यावरच्या माणसाला इजा, अडथळा किंवा धोका झाला तर तो गुन्हा आहे. आपल्याकडेही १९७२ च्या मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करता यायची तेव्हासुद्धा वाहनातून शिकारीला मनाई होती, पुढे १९९१ ला शिकारच बंद झाली म्हणून ते कलम निघालं. जनावराच्या बाजूनेही बघा, त्याला दिव्याने आंधळं करून गाडीत बसून मारायचं आणि ते लागून पळालं की मागे जायची हिंमत नाही म्हणून घरी येऊन झोपायचं, याला जुनी पारधी माणसंसुद्धा शिकार म्हणत नाहीत. माग काढून जखमी जनावर संपवल्याशिवाय घरी न येणारे म्हातारे मी माझ्या माहेरी बघितलेत.

बंदुकीचं प्रकरण वेगळं आणि तेच बहुधा सगळ्यात जड जाईल. लायसन्स काकांचं. आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे लायसन्स नसलेला माणूस दुसऱ्याची बंदूक धरू शकतो ती फक्त लायसन्सदाराच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, तेही त्याच्याच वापरासाठी किंवा दुरुस्तीसाठी. मित्राकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणजे त्याच्यावर कलम २५(१ब) येतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय २५(९), लोकांच्या जिवाला धोका होईल अशी बंदूक निष्काळजीपणे चालवणं, दोन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काकांना माहीत नव्हतं हे खरं असेल तर ते लवकर आणि स्पष्ट पुढे यायला हवं, नाहीतर बंदूक उसनी दिली असा अर्थ निघतो आणि लायसन्स तर जातंच.

शेतीसंरक्षणाचं लायसन्स होतं ना मग, असं गावात सगळे म्हणतील. डुकरं नाचणी-भात कसं लोळवतात ते मला माहीत आहे, आमच्या घरीही एका रात्रीत अख्खा कोपरा गेलेला मी बघितलाय आणि आईचं तोंड आजही आठवतं, त्यामुळे शेतकऱ्याचा राग मी कमी लेखत नाही. पण लायसन्स बंदूक ठेवायचं आहे, जनावर मारायचं नाही. त्यासाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, उभ्या पिकाला धोका आहे हे कारण त्यात धरलेलं आहे, नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईचा अर्जही करता येतो. आणि परवानगी मिळाली तरी ती आपल्या शेताच्या रक्षणाची, रस्त्यावर गाडीतून फिरायची नव्हे.

पैसे देऊन मिटतं का? उपचाराचा, बुडालेल्या मजुरीचा, स्कूटरचा खर्च जरूर द्या, ते द्यायलाच हवं, बँकेतून द्या आणि पावती ठेवा. पण गप्प बस म्हणून पैसे देऊ नका, गुन्हा दडपायला पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत, म्हणजे ज्याच्या मांडीत छर्रा आहे त्यालाच तुम्ही आरोपी बनवाल. आणि वन्यजीव कायदा, आर्म्स अ‍ॅक्ट हे गुन्हे त्या माणसाने माफ करायचे नसतातच, ते त्याच्या हातात नाहीत.

सांगायचं कोणाला. घटनेच्या २० (३) कलमाप्रमाणे स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, हा हक्क तुमचा आहे आणि वकील म्हणून मी तो आधी सांगणार. पण गप्प राहणं वेगळं आणि डॉक्टरला पत्रा लागला म्हणून सांगणं वेगळं, खोटं बोलायचा हक्क कोणालाच नाही. माझा सल्ला असा की फौजदारी कामं करणारा जिल्हा कोर्टातला एक वकील उद्याच गाठा, भावाचा वकील नको, तुमचा वेगळा, कारण तुमचं आणि मित्राचं हित आता एक नाही. त्याच्याकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार करून घ्या आणि त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात आणि वनक्षेत्रपालांकडे स्वतःहून जा. वनअधिकाऱ्यापुढचा जबाब पोलीस जबाबासारखा हलका समजू नका, तो तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय सही नको. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही डिलीट करू नका, गाडी धुऊ नका. स्वतःहून गेलात, जखमीला मदत केलीत, काही लपवलं नाहीत, हे जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी कोर्ट बघतं, केस होणारच नाही असं मात्र मी म्हणत नाही.

आणि काकांना आजच सांगा, पोलीस दारात येण्याआधी, तुमच्या तोंडून. बंदूक भावाने परत भिंतीवर ठेवलीय असं लिहिलंय, ती तशीच राहू दे, कोणी पुसू नका, पण नळीत काडतूस राहिलंय का ते काकांनीच बघायला हवं, घरात लहान मुलं आहेत म्हणालात.