आवाज फुटला, म्हणून गाणं सोडायचं का?

आठवी-नववीतल्या मुलांचे पालक समुपदेशनाला येतात आणि विचारतात, "दहावी जवळ आलीय, गाण्याचा क्लास बंद करू का?" प्रश्न वेळेचा वाटतो. मुलाशी स्वतंत्र बोललं की बहुतेक वेळा वेगळंच समोर येतं. गाणं एकाएकी अवघड झालेलं असतं आणि घरी ते सांगायची सोय नसते.

नववीतला एक मुलगा असाच आला (तपशील बदलले आहेत). शास्त्रीय गायनाच्या परीक्षांतली प्रवेशिका पूर्ण उत्तीर्ण, पुढच्या मध्यमा प्रथमची तयारी चालू. आईचं म्हणणं, "मॅडम, महिनाभर रियाज नाही. अभ्यासाचं दडपण आलंय त्याला." सुरुवातीच्या भेटींत तो शाळा आणि क्रिकेट यापलीकडे बोलला नाही. मग एकदा सावकाश बोलला.

"वरचा, तार सप्तकातला सा लावला की आवाज फाटतो. स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर फाटला."

"मग तू काय ठरवलंस?"

"माझा गळा गेला. मी बेसूर झालोय."

मी कागदावर दोन वाक्यं लिहिली: 'आवाज फाटला' आणि 'माझा गळा गेला'. "यातलं घडलेलं कोणतं आणि तू ठरवलेलं कोणतं?" ठरवलेलं म्हणून त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं, पण ते त्याला पटलं नव्हतं.

"सा कोणता धरतोस?"

"पेटीची काळी चार. पाचवीपासून तोच."

"पाचवीपासून उंची किती वाढली तुझी?"

"वीतभर तरी."

"आणि गळा आतून तेवढाच राहिला असेल?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सा बदलायला हवा?"

माझ्या कामात मी अशाच वाक्याची वाट पाहते. हेच मी सांगितलं असतं तर तो आणखी एक सल्ला झाला असता. त्याच्या तोंडून आलं म्हणून तो त्याचा निर्णय झाला. त्रास घटनेपेक्षा तिला लावलेल्या अर्थाने जास्त होतो, हे मी मानते. तो अर्थ मुलाने स्वतः तपासला की पुढची वाट त्यालाच दिसते.

आता पालकांसाठी. साधारण 12 ते 15 या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. हे काही महिने चालतं आणि मधल्या काळात आवाज सांगू तसा वागत नाही. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडा. जुनाच सा धरून वर ओढलं तर गळा शिणतो आणि 'मला येत नाही' हा समज पक्का होतो. म्हणून गुरुजींना स्पष्ट सांगा, सा पुन्हा ठरवू या. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ऐकू येईल आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) न ओढता लागेल, असा सा शोधायचा. दर महिन्या-दोन महिन्यांनी तो पुन्हा तपासायचा. या मुलाचा सा त्याच्या गुरुजींनी हळूहळू उतरवत पांढरी दोनवर आणला.

या दिवसांत रियाज 15-20 मिनिटांचा, मध्यम आवाजात, मध्य सप्तकात पुरे. तार सप्तकातल्या द्रुत (जलद) ताना थांबवा. खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाजही जोर लावून नको. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

गळ्याला विश्रांती म्हणजे संगीताला सुट्टी नव्हे, कारण याच इयत्तांत गाण्याच्या अभ्यासाचा पोत बदलतो. सुरुवातीच्या परीक्षांत प्रात्यक्षिक आणि तोंडी असतं. पुढे लेखी पेपर येतो, मध्यमेत संथ लयीतला विलंबित ख्याल येतो. गोड गाणारी मुलं इथे गोंधळतात. भूपाली राग सुरेख गातात, पण देशकार रागाशी फरक विचारला की थांबतात. स्वर दोन्हींत तेच. भूपालीत वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकारात धैवत. हे नुसतं पाठ केलं तर विसरतं, दोन्ही रागांची चार-चार वाक्यं गुणगुणली तर राहतं. दुगुन, म्हणजे तालाचे बोल दुप्पट गतीत, लिहिताना चूक होते ती जागेची. तीनतालाची दुगुन एकदाच म्हणायची तर ती नवव्या मात्रेपासून सुरू केली तरच समेवर (पहिल्या मात्रेवर) येते, झपतालात सहाव्या, एकतालात सातव्या मात्रेपासून. आधी हातावर टाळी-खाली देत बोल म्हणावेत, मगच वहीत लिहावेत. रोज 10 मिनिटं पुरतात, आणि त्याला गळा लागत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. आवाज स्थिर नसेल तर एक सत्र सोडायला हरकत नाही. मात्र शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षांचे वाढीव गुण दहावीत मिळतात, त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्यासाठी किती परीक्षा लागतात आणि मुदत काय, हे नववीतच शाळेत विचारा, म्हणजे कोणतं सत्र सोडायचं ते ठरवता येतं.

या मुलाने एक सत्र सोडलं, दहावीच्या वर्षात क्लास आठवड्यातून एकदाच ठेवला. मध्यमेच्या प्रात्यक्षिकाला तो पांढरी दोनमध्येच यमन गायला.