पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा कोणता घ्यावा? वेरूळ-दौलताबादला फोटो काढायचेत, बजेट बेताचं आहे.

४×५ इंचाच्या फिल्म-शीटचा लाकडी फील्ड कॅमेरा, म्हणजे घडी घालून नेता येणारा, घ्या. ८×१०च्या नादी आत्ताच लागू नका, एकेक शीट खिशाला चटका देते. मोनोरेल, म्हणजे एका दांड्यावर बसवलेला अवजड कॅमेरा, स्वस्तात मिळतो, पण दौलताबादच्या पायऱ्या तो पाठीवर घेऊन चढून बघा एकदा! इंट्रेपिड कंपनीचा ४×५ साधारण सव्वा किलोचा आहे, नवशिक्याला पुरतो.

पुढच्या बाजूला राइझ, म्हणजे लेन्स वर सरकवायची सोय, किती मिळतो ते मात्र आधी विचारा. कैलास लेणं अंगणातून टिपताना कॅमेरा वर झुकवला की खांब आत कलतात. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवली की शिखरही मावतं आणि खांबही ताठ. त्यासाठी लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे ती आत पाडते ते गोल चित्र, मोठं हवं, नाहीतर कोपरे काळे येतात. सुरुवातीला १५० मिमी बास.

जुना घेणार असाल तर भाता, म्हणजे बेलोज, नीट तपासा. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून घड्यांचे कोपरे बघा. मी जालन्यात बसून फोटोंवर भरवसा ठेवून मागवला, "एकदम मिंट" म्हणाले होते. पहिल्या आठही फोटोंवर पांढुरके पट्टे! टॉर्च लावला तर घडीत चांदणं दिसलं. काळ्या कापडी टेपने भागवलं.

कॅमेऱ्यापेक्षा दणकट ट्रायपॉडवर खर्च करा. लेण्यांत तो लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आधी काढून ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी फोकस बघायला काळ्या कापडाखाली डोकं घालायचं नाही, सांगून ठेवतो.