बँकेत ऑफिसरचं प्रमोशन घेऊन परराज्यात जावं, की समाधानानं आहे तिथेच राहावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला काउंटरवर आठ वर्षं झाली, प्रमोशनच्या लिस्टमध्ये नाव लागलंय, पोस्टिंग बहुतेक परराज्यात, आई एकटी आणि मुलगी दुसरीत. प्रश्नातल्या ‘समाधानानं’ या शब्दावरच माझं भांडण आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी कराडचा. 1995 ला क्लार्क म्हणून लागलो, अजून क्लार्कच आहे. (2024 च्या करारानं आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ केलंय. काउंटर तोच, पंखाही तोच.) 2012 साली परीक्षा, इंटरव्ह्यू सगळं पार पडून माझंही नाव लागलं होतं. शाखेत पेढे वाटले. आठ दिवसांनी ऑर्डर आली : पूर्णिया, बिहार. तेव्हा वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते.

वडील एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर ‘दारात थांबू नका, पुढं सरका’ असं ओरडलेला माणूस. झटक्यानंतर त्यांच्याकडे दहा-बारा शब्द उरले होते, त्यातला एक ‘जा’. सकाळी सव्वासातला मी त्यांची दाढी करायचो. उजवा गाल ओघळला होता, त्यावर वस्तरा नीट चालायचा नाही. अंगठ्यानं कातडं कानाकडे ताणून धरावं लागायचं आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली की फेस पुसून पुन्हा लावायचा. वीस मिनिटं जायची. ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दाढी करता करता सांगितलं, ‘पूर्णियाला टाकलंय, अण्णा.’ ते म्हणाले, ‘जा.’ आता पूर्णियाला जा, का बँकेला उशीर होतोय जा, का दाढी पुरे झाली, हो बाजूला? विचारलं असतं तरी उत्तर ‘जा’ हेच आलं असतं. मी विचारलं नाही. त्याच दिवशी दुपारी रिफ्यूजलचं पत्र दिलं.

आता साडूंचं सांगतो, कारण खरा वाद तिथेच आहे. आमचे थोरले साडू दुसऱ्या बँकेत. त्यांनी 2003 ला प्रमोशन घेतलं आणि मग घेतच गेले. बिहारमधलं बेतिया, ओडिशातलं कोरापुट, आसाममधलं तेजपूर करत स्केल फोरला, म्हणजे चीफ मॅनेजरच्या पदाला पोचले. घरात कुठलंही कार्य असो, लग्न, बारसं, अगदी दहाव्याला घाटावरसुद्धा मला एकदा ऐकवणारच, ‘पाव्हणं, तुमचं बरंय. कम्फर्ट झोन. सहाला घरी.’

सहाला घरी! 10 नोव्हेंबर 2016 ला नोटबंदीनंतर बँका उघडल्या त्या दिवशी मी हेड कॅशियर होतो. तिजोरीची एक किल्ली ऑफिसरकडे, दुसरी माझ्याकडे, त्यामुळे तिजोरी बंद होईपर्यंत मला हलता येत नाही. आठ वाजता शटर वर केलं तर रांग पार कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत. माणशी चार हजार बदलून द्यायचे, सोबत फॉर्म आणि ओळखपत्राची झेरॉक्स. शनिवार-रविवारीही बँक चालू. तिसऱ्या रात्री अकराला कॅश टॅली करताना साडेचार हजार कमी निघाले. पॅकेटं दोनदा सोडून मोजली. शेवटी खिशातून भरले, कारण शॉर्ट निघालं की कॅशियरनं भरायचं, हा नियम कुणाला सांगावा लागत नाही. तेव्हा प्रमोशन नाकारलं म्हणजे निवांतपणा विकत घेतला, असं काही होत नाही. काउंटरवर बसून बीपी मलाही झालाय.

पण साडूंचा हिशेबही बघा. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला 2015 च्या सप्टेंबरपासून. ते शनिवार त्यांनी कसे काढले? वसुलीला गावोगाव फिरून. क्लार्कला ओव्हरटाइम मागता तरी येतो, ऑफिसरला घड्याळच नाही. मुलाच्या दहावीच्या निकालादिवशी हे कोरापुटला आणि पोरगा पेढा घेऊन आमच्या घरी. सासरे गेले तेव्हा तेजपूरहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शुगर तीनशेच्या घरात. हे मी त्यांना तोंडावर कधी बोललो नाही, इथे बोलून घेतो. माझे वडील 2014 ला गेले, मांडीवर. ते कुठल्या स्केलमध्ये बसतं, साडू?

असो. तुमचा प्रश्न.

माझं मत विचाराल तर आई एकटी असेल तर जाऊ नका. मुलगी दुसरीत आहे तोवर ती कुठेही रुळते, प्रश्न मुलीचा नाहीच, आईचा आहे. आणि ‘आईला तिकडे घेऊन जाईन’ असं जे म्हणतात त्यांनी सत्तरीच्या बाईला भाषा न येणाऱ्या गावात दिवसभर एकटीला क्वार्टरमध्ये बसवून बघावं.

मात्र माझ्या गोष्टीवर फार विसंबूही नका, कारण दोन-तीन गोष्टी मी अजून सांगितलेल्याच नाहीत. आमची जुनी पेन्शन आहे. ती शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगारावर निघते, त्यामुळे नाकारलेलं प्रमोशन मला मरेपर्यंत दरमहा कमीच पडणार. तुम्ही 2010 च्या एप्रिलनंतर लागलात, म्हणजे एनपीएस, नवी पेन्शन. तुमच्या खात्यात पगाराच्या प्रमाणातच पैसे जमणार, तेव्हा लवकर नाकारलंत तर फटका माझ्यापेक्षा लांबचा. कागद-पेन घेऊन हे आधी मांडा.

दुसरं, माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची बदली बिहारला होणं शक्यच नव्हतं, आणि घराचा निम्मा हप्ता तिच्या पगारातून जायचा. मी कुठे ‘आपण समाधानी माणूस’ म्हणून बोलायला लागलो की ती म्हणते, ‘समाधान तुमचं, हप्ता माझा.’ खोटं नाही. दुपारी वडिलांना जेवू घालायला बाई ठेवली होती, तीही तिच्याच पैशांतून. दोन पगार नसते तर मी पूर्णियाला गेलो असतो, ‘जा’ म्हणाले होते की.

तिसरं सांगायला जड जातं. गेल्या वर्षी आलेले मॅनेजर माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठे. पोरगा गुणी आहे, ‘काका’ म्हणतो. पण चारला येऊन ‘काका, कॅश टॅली झाली?’ असं विचारतो तेव्हा टोचतं. अजून टोचतं. आणि साडूंना तेजपूर मनापासून आवडलं होतं. संध्याकाळी ब्रह्मपुत्रेच्या काठावर बसायचे, असमिया बोलायला शिकले, तिथला पोरगा अजून बिहूला फोन करतो. मी कराडला रोज प्रीतिसंगमावर फिरायला जातो, नदी मलाही आहे. पण त्यांच्याकडे सांगायला जास्त आहे, हे कबूल.

काय ठरवाल ते ठरवा, पण एचआरला फोनवर ‘बघतो’ म्हणून वेळ काढू नका. आधी सर्क्युलर काढून वाचा. नाकारल्यावर किती वर्षं पुन्हा बसता येत नाही ते प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, आणि घरच्या आजारपणासाठी पोस्टिंग बदलून मागायची सोय असली तर आधी ती मागा. मी मागितली नव्हती, रागात होतो. नाकारायचंच झालं तर लेखी द्या, कारण लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. माझी पोच अजून कपाटात आहे, लॅमिनेशन करून. साडूंना दाखवायची राहिलीय.