पिकनिकची चटई शिवताय? आधी खालचं कापड ठरवा

ठाण्यात येऊरला किंवा उपवनला पावसाळ्यात बसायचं तर जमीन ओली असणारच, त्यामुळे वरच्या डिझाइनपेक्षा खालच्या कापडाला जास्त महत्त्व द्या. रेक्झिन जड होतं. छत्रीचं कोटेड कापड घडीला हलकं आणि नवख्या हाताला सोपं.

वरचं सुती आणि खालचं कोटेड, दोन्ही कापडं ५८ इंच पन्ह्याची, दीड-दीड मीटर घ्या. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, खालचं आटत नाही आणि चटईला झोळ येतो. कोटेड कापडाला मात्र टाचण्या लावू नका, भोकं बुजत नाहीत. कागदांना लावायचे चिमटे चालतात.

दोन्ही सुलट बाजू आत ठेवून अर्धा इंच आत टीप मारा, एका बाजूला आठ इंच उघडं सोडा. कोपरे तिरके छाटून उलटवा, मग कडेने पाव इंचावर पुन्हा टीप. १६ नंबरची सुई, टाका ३ मिलिमीटर. बारीक टाक्याने कापड तिकिटासारखं फाटतं. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारी पट्टी) चिकटत असेल तर त्याच्या खाली बटरपेपर ठेवून शिवा, नंतर तो फाडून काढा.

मध्ये चौकटीच्या टिपा मारायचा मोह होतो. तो आवरा! प्रत्येक भोकातून पाणी वर येतं. गुंडाळून बांधायला नाड्याच लावा, त्याही कडेच्या शिवणीत. वेल्क्रोत सुकं गवत अडकतं आणि ते काढण्यातच सहल संपते.