विनूस्की म्हणजे रानकांदा

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, बर्लिंग्टनला राहतो. लेकीच्या शाळेच्या पुस्तिकेत गावाचा इतिहास १७६३च्या सनदेपासून सुरू होतो. त्याआधी इथे कोणीच नव्हतं का?

उत्तर : होतं ना! अबेनाकी हे इथले मूळ रहिवासी होते, आजही आहेत. तुमच्या विनूस्की नदीचं नावच त्यांच्या भाषेतलं, रानकांद्यावरून पडलेलं. व्हर्माँटमधल्याच बेलोज फॉल्सला कनेक्टिकट नदीकाठच्या खडकात कोरलेले चेहरे मी पाहिलेत : गोल डोकी, टिंबांएवढे डोळे, काहींना शिंगांसारख्या रेघा. पुस्तिकेत अबेनाकी नसावेत याचं मला फार वाईट वाटतं. ऑक्टोबर १७५९मध्ये इंग्रजांच्या रेंजर तुकडीने कॅनडातल्या क्वेबेकमधलं त्यांचं ओडानाक गाव जाळलं. ते पुन्हा वसलं. तिथे अबेनाकी संग्रहालय आहे. सुट्टीत लेकीला जरूर न्या.