काळी वायर अर्थिंगचीच असते का?

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग

प्रश्न : स्कोडा गाडीत डॅशकॅम स्वतः बसवतो आहे. किटमधून लाल, पिवळी आणि काळी वायर येते. फ्यूजबॉक्समागे काळ्या वायरी बऱ्याच आहेत. मल्टीमीटर बझरवर ठेवून पाहिला तर दोन-तीन वायरींवर वाजतो. किटची काळी वायर यातल्या कशाला जोडू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सध्या कशालाच जोडू नका. मारुती किंवा ह्युंदाईत अर्थिंग (करंटची बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) बहुधा काळ्या वायरीने येते, पण स्कोडा आणि फोक्सवॅगनमध्ये ते तपकिरी वायरीने असते आणि काळी वायर बऱ्याचदा चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट देणारी निघते. रंग बघून शोध कुठून सुरू करायचा ते ठरवा, एवढाच त्याचा उपयोग.

बझरवरही (दोन प्रोबमध्ये वाट जुळलेली असली की मीटर वाजतो त्या खुणेवर) भरवसा नको. बरेच मीटर ३० ते ५० ओहमपर्यंत वाजतात. ५ वॅटचा पार्किंग बल्ब पेटलेला असताना सुमारे २९ ओहमचा असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे बल्बला करंट पुरवणाऱ्या वायरीवर प्रोब ठेवला की बझर फिलामेंटमधून बॉडीपर्यंत पोचतो आणि आनंदाने वाजतो. तुम्हाला वाटतं अर्थ सापडला. पार्किंग लाइट लावताच त्याच वायरीत १२ व्होल्ट येतात. ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब थंड असताना जेमतेम पाव ओहमचा असतो, तिथे तर आकडा पाहूनही फसायला होतं.

म्हणून चावी काढा, १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सोडवा आणि क्लॅम्प खांबाला लागणार नाही अशी बाजूला ठेवा. (नंतर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत काचांचं ऑटो-अपही पुन्हा शिकवावं लागतं.) मीटर २०० ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.२ ते ०.४ दिसेल, तो प्रोबच्या वायरींचाच रोध, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. आता एक प्रोब सोडवलेल्या क्लॅम्पवर, दुसरा संशयित वायरीवर. वजाबाकीनंतर जवळजवळ शून्य उरलं तर त्या वायरीवरचे बल्ब आणि फ्यूज काढून पुन्हा मोजा. खरं अर्थिंग जागचं हलत नाही, फिलामेंटमधून आलेलं मात्र गायब होतं.

तरी एक चाचणी उरते. क्लॅम्प परत बसवा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या. नाना पेठेत सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळेल. त्याची एक वायर ५ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी संशयित वायरीला. बल्बमधून पावणेदोन अँपिअर जातो. तो पेटलेला असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून संशयित वायर ते बॅटरीचा निगेटिव्ह खांब मोजा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर बल्ब कितीही झगझगीत दिसो, करंट दुसऱ्या कशातून तरी वाट काढतोय. नुसता मीटर हे सांगत नाही: त्यातून इतका नगण्य करंट जातो की एकाच तारेवर लटकलेली कुजकी वायरसुद्धा पॉझिटिव्हशी मोजली तर पूर्ण १२.६ दाखवते.

मोजताना दिवे, हॉर्न, दारं, काचा सगळं चालवून बघा. दारातल्या दिव्याची वायर फक्त दार उघडल्यावर अर्थ होते. काचेच्या मोटरच्या दोन्ही वायरी बटण सोडलेलं असताना अर्थवर असतात आणि बटण दाबताच त्यातली एक पॉझिटिव्ह होते. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या. त्यांना ना मीटर लावायचा, ना बल्ब. इंजिनच्या ईसीयूकडे, म्हणजे ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे, जाणाऱ्या बारीक वायरींवरही बल्ब नको.

आमचं मत विचाराल तर डॅशकॅमसाठी ही शोधाशोध करूच नका. चालकाच्या पायाशी बाजूच्या प्लास्टिकमागे बॉडीवर कंपनीचाच अर्थ बोल्ट बहुधा असतो. किटच्या वायरीला गोल थिंबल (टोकाला बसणारी धातूची कडी) दाबून त्याखाली घट्ट करा आणि वरची ०.१ व्होल्टची चाचणी तिथेच घ्या. सीटबेल्टचा किंवा एअरबॅग युनिटचा बोल्ट मात्र वापरू नका. वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबालाही नको: स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वगळून गेलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही.

प्रश्न : जुना स्टिरिओ काढला. मागे काळ्या पट्टीच्या चार वायरी आहेत. सगळ्या एकत्र करून बॉडीला जोडल्या तर चालेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : अजिबात नाही. बाजारातल्या स्टिरिओंमध्ये पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या जोड्यांतल्या काळ्या पट्टीच्या वायरी स्पीकरच्या निगेटिव्ह असतात. आतल्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांना बॉडीच्या तुलनेत साधारण ६-७ व्होल्ट असतात. त्या बॉडीला लावल्या की आउटपुट शॉर्ट होतं आणि आयसी (अँप्लिफायरची चिप) जाऊ शकतो. अर्थ असते ती पूर्ण काळी, बिनपट्टीची. पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावीवरची.

प्रश्न : पावसात पार्किंगमध्ये पाणी साचलं होतं. तेव्हापासून डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा मागचा लाल दिवा मंद लुकलुकतो. फ्यूज नवे टाकले, फरक नाही.
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : फ्यूजचा इथे संबंध नाही. त्या दिव्याच्या घराचं अर्थिंग गेलं आहे. इंडिकेटरच्या करंटला बॉडीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जातो. पार्किंग लाइट लावून होल्डरची अर्थ पट्टी ते डिकीतला बॉडीचा स्वच्छ धातू एवढं मोजा. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ बोल्ट खोला, थिंबल आणि पत्रा दोन्ही चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, कोरडं करून घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा, आत नाही. तरीही सुधारलं नाही तर होल्डर बाहेर काढून बघा. पाण्याने पट्टीच हिरवी पडली असेल तर होल्डर बदलणंच बरं, घासून तो फार दिवस टिकत नाही.