दवाखाना सुटला तरी डॉक्टर लॉग-इनच

प्रश्न: माझी मुलगी ओहायोत फॅमिली मेडिसिनची डॉक्टर आहे. नुकतीच तिच्याकडे राहून आले. रोज रात्री नातवंडं झोपली की ही लॅपटॉप उघडते, विचारलं तर म्हणते आई चार्ट पुरे करतेय. आता तर नोकरी सोडायची भाषा चाललीय. आमच्या नाशिकच्या डॉक्टरांना असं घरी काम आणताना कधी बघितलं नाही. तिचं काही चुकतंय का? — एक आई, नाशिक

उत्तर: ताई, लेक हळू काम करते किंवा तिला जमत नाही, हे आधी मनातून काढा. विस्कॉन्सिनमधल्या 142 फॅमिली डॉक्टरांच्या कॉम्प्युटरच्या नोंदी तपासून 2017 मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात डॉक्टरांचा दिवस 11.4 तासांचा निघाला आणि त्यातले 5.9 तास ईएचआरमध्ये, म्हणजे पेशंटची सगळी माहिती ज्यात भरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, गेलेले. त्यातलाही जवळपास दीड तास दवाखाना बंद झाल्यावरचा. तिकडे याला पजामा टाइम म्हणतात, तुम्ही रात्री बघितलात तो हाच. त्याच्या आदल्या वर्षी चार राज्यांतल्या 57 डॉक्टरांच्या शेजारी माणसं बसवून मिनिटं मोजली होती, तर ओपीडीच्या वेळेतला फक्त 27 टक्के वेळ पेशंटसमोर आणि 49 टक्के ईएचआर नि टेबलावरच्या कामात.

हे असं का झालं ते जरा सविस्तर सांगतो कारण सगळी मेख तिथेच आहे. 2009 ला अमेरिकेत हायटेक नावाचा कायदा आला, सरकारने म्हटलं कागद सोडा, कॉम्प्युटर घ्या, घेतलात तर पैसे देऊ आणि नाही घेतलात तर पुढे मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे कापू. मग काय, त्याआधी दहातल्या जेमतेम एका हॉस्पिटलकडे अशी सिस्टिम होती ती 2015 पर्यंत 96 टक्क्यांकडे. पण घाईत घेतलेल्या या सिस्टिमचा जीव बिलिंगमध्ये होता. इन्शुरन्सवाल्याला पटेल एवढं लिहिलं तरच पुरे पैसे, त्यामुळे टेम्प्लेट, कालची नोट, म्हणजे पेशंटच्या तपासणीचं टिपण, आज कॉपी-पेस्ट, नॉर्मल असलेल्या दहा गोष्टी पण लिहायच्या, आणि त्या ढिगात आज पेशंटला नेमकं काय होतंय ते वाक्य शोधत बसायचं. तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांना हे करावं लागत नाही कारण पेशंट बहुतेक वेळा खिशातून पैसे देतो, कुठल्या इन्शुरन्सवाल्याला टिपण दाखवून पटवायचं नसतं.

आता कोणी म्हणेल सॉफ्टवेअरच भिकार. आहे थोडं. अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या ईएचआरला वापरायला सोपं की अवघड यावर 100 पैकी सरासरी 45.9 मार्क दिलेत, तिथल्या ग्रेडिंगमध्ये सरळ नापास. पण एपिक नावाचं तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतर देशांशी तुलना केली तेव्हा अमेरिकन नोट्स जवळपास चौपट लांब निघाल्या, आणि ईएचआरवरचा रोजचा वेळ बघितला तर अमेरिकेत सरासरी 90 मिनिटं नि बाहेर 58. सॉफ्टवेअर तेच आणि वेळेत एवढा फरक, तर दोष सगळा त्याच्या माथी कसा मारणार? 2021 पासून ओपीडीच्या बिलाचे नियम बरेच सैल केलेत, हिस्टरी, म्हणजे पेशंटच्या आजाराची मागची हकिगत, किती लांब लिहिली यावर पैसे ठरत नाहीत. पण जुने टेम्प्लेट कोण उचकटून काढणार.

नोकरी सोडण्याआधी लेकीला एवढंच विचारा, की औषधांच्या रिफिल, लॅबच्या ऑर्डर, पेशंटचे मेसेज यातलं तिच्याआधी कोणी हाताळतं का, की सगळं थेट तिच्यावरच येतं. का विचारायला सांगतोय ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत इंटर्निस्ट, म्हणजे फिजिशियन, आहे. आमच्या ग्रुपमधून बरेच डॉक्टर गेले. मॅनेजमेंट आता म्हणतंय की ईएचआरवर कोण किती तास असतं ते बघून पुढे कोण सोडणार हे ओळखू. पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. — एक वाचक

उत्तर: तुमचा संशय बरोबर आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका मोठ्या ग्रुपच्या 314 डॉक्टरांवर नेमकं हेच तपासलंय, 2021 ला जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. अंदाज असा की ज्याचा स्क्रीन टाइम जास्त तो सोडणार. निघालं उलटं! ईएचआरच्या इनबॉक्सवर, म्हणजे जिथे सगळे मेसेज येतात तिथे, कमी वेळ देणाऱ्यांचंच सोडून जाण्याचं प्रमाण जास्त. शिवाय ज्यांच्या औषधा-तपासण्यांच्या ऑर्डर भरण्यात टीमचा हात कमी, तेही जास्त गेले. मला वाटतं जो मनाने आधीच बाहेर पडलाय त्याचे पेशंट कमी होत जातात, इनबॉक्स आपोआप हलका होतो, म्हणजे मॅनेजमेंट तासांची यादी काढून बसेल तेव्हा जाणारा माणूस त्यात सगळ्यात खाली दिसेल आणि वर असेल तो बिचारा राबणारा. अर्थात यातून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढंच.

मीटिंगमध्ये बोलायचंच असेल तर इनबॉक्समध्ये काय येतं यावर बोला. कॅलिफोर्नियातल्या एका ग्रुपमध्ये डॉक्टरला आठवड्याला सरासरी 243 मेसेज येत होते आणि त्यातले 114 कुठल्या माणसाने पाठवलेलेच नव्हते, सिस्टिमने स्वतः तयार केलेले, हे ड्यू आहे ते ओव्हरड्यू आहे. असे मेसेज सरासरीपेक्षा जास्त येणाऱ्यांमध्ये बर्नआउटही, म्हणजे कामाने पार पिचून जाणंही, जास्त आणि कामाचे तास कमी करायचा विचारही जास्त. हे बंद करणं मॅनेजमेंटच्या हातात आहे आणि फुकट आहे. बर्नआउटमुळे अमेरिकेला वर्षाला अंदाजे 4.6 अब्ज डॉलरचा फटका बसतो असा 2019 चा हिशोब आहे, डॉक्टर जाणं आणि तास कमी करणं यातून, तो आकडा पण ठेवा पुढ्यात, पैशाची भाषा लवकर कळते.

आणि एक, सगळं खापर ईएचआरवर फोडू नका, कोणीतरी उलट विचारेलच. 2017 ला अमेरिकेतल्या 43.9 टक्के डॉक्टरांमध्ये बर्नआउटची लक्षणं होती, 2021 च्या शेवटी 62.8. मधल्या काळात कॉम्प्युटर तेच होते, कोविड येऊन गेला होता.

प्रश्न: आता एआय नोट्स लिहितं म्हणे. मग सुटला ना प्रश्न? — एक आयटीवाला, पुणे

उत्तर: अर्धा. फोन टेबलावर ठेवायचा, तो बोलणं ऐकून नोट तयार करतो, डॉक्टरने वाचून सही करायची. उत्तर कॅलिफोर्नियात परमानेंटे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या मोठ्या ग्रुपने ऑक्टोबर 2023 ला हे सुरू केलं तर दहा आठवड्यांत 3,442 डॉक्टरांनी तीन लाखांवर भेटींसाठी वापरलं, म्हणजे गरज किती होती बघा. डॉक्टर पेशंटकडे बघून बोलायला लागले हे खरंच मोठं आहे. पण इनबॉक्स, इन्शुरन्सच्या परवानग्या, ऑर्डर हे त्याने जात नाही, आणि नोट चुकली तर सही डॉक्टरचीच.

मला जास्त आवडतो तो हवाईतल्या एका हॉस्पिटल ग्रुपचा उद्योग. त्यांनी स्टाफला विचारलं, ईएचआरमधलं कुठलं काम मूर्खपणाचं वाटतं ते सांगा. नर्सेस दर तासाला राउंड घेतला म्हणून एक नोंद करायच्या, 24 सेकंदांची. ती काढून टाकली तर चार हॉस्पिटल मिळून महिन्याला साधारण 1,700 तास वाचले. एआय नाही, काही नाही. तुम्ही आयटीवाले नवीन फीचर टाकायला धावता, जुनं काढायचं तिकीट मात्र कोणी उघडत नाही!